धवलारणीचा पेला

लग्नाची वरात पूर्वी बायजाच्या दारावरून जायची, ती याही वेळी खाडीच्या बांधाने वळसा घालून गेली. बायजा ओट्यावर उभी राहून बघत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गावात धवलारीण ती एकच. तिने मांडवात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय लग्न लागत नसे, आणि गाण्याआधी तिच्या हातात दारूचा पेला द्यायची रीत होती. रीतीने लागलेली सवय तरणा मुलगा गेल्यावर हाताबाहेर गेली. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात, एका मांडवात, ती नवरदेवाच्या जागी मेलेल्या मुलाचंच नाव गायली. त्या दिवसापासून तिने थेंबाला स्पर्श केला नाही.

आणि गावाने काय केलं? तिला बोलावणंच बंद केलं. धवले गायला वालीव गावाहून बाई येऊ लागली. बायजाच्या परसामागचा श्रीपतचा दारूचा गुत्ता गावाबाहेर गेला. कुणाकडे हळद असली की शेजारची रंभा पदराखाली काहीतरी झाकून तिच्या दारावरून घाईने निघून जायची. पिऊन लोळायची तेव्हा याच लोकांनी तिला हसत हसत घरी आणून टाकली होती. आता शुद्धीत आहे, तर विटाळ झाला यांना! मोठं गुणाचं गाव.

म्हणून वैशाखात रंभा मुलीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन आली, तेव्हा बायजाने तिला बससुद्धा म्हटलं नाही. पण ठेवणीतलं लुगडं काढलंच. वर्षभराचं गाणं घशात साचलं होतं.

मांडवात बायकांनी सरकून तिला मधोमध जागा दिली. बायजाला बरं वाटलं. तेवढ्यात रंभाने खूण केली आणि श्रीपत काठोकाठ भरलेला पेला घेऊन पुढे आला.

"रीत हाय, काकी. घे."

वास नाकात जाऊ नये म्हणून बायजाने श्वास रोखला. एवढ्यासाठी बोलावली होती तर! पुन्हा लोळवून हसायचं होतं यांना. तिने पेला घेतला आणि सगळा श्रीपतच्या तोंडावर फेकला.

"माज्या पोराची आन हाय," ती म्हणाली. "पेल्याबिगर गाईन, नायतर मुकी मरेन."

कुणी हसलं नाही. श्रीपतने पंच्याने तोंड पुसलं.

"पानी हाय, काकी. बिनदारूचा लगीन व्हईल तवाच तुला बोलवाची, आसा गावान ठरवलेला. ह्यो पयला मांडव."