छताला बांधलेला माणूस

"थांब, थांब, थांब!"

वरून डेल्मर ओरडला तसा मार्लिसनं दांडा सोडला. फोर्कलिफ्टचा खाली येणारा पिंजरा गचका खाऊन थांबला. वीस फूट उंचावर, गाडीच्या पुढच्या लोखंडी काट्यांवर बसवलेल्या त्या पिंजऱ्यात तिचा माजी नवरा चवड्यांवर उभा होता. पाठीचा सुरक्षापट्टा ताठ झाला होता आणि त्याला वर ओढत होता. मसुराच्या त्या गोदामात दोघंच होती; बाकीचे जेवायला गेले होते.

हीटरचा पंखा बदलायला तो वर गेला, तेव्हा तिनं खालून विचारलं होतं, "हुक लावलास?" "लावलाय गं बाई," तो म्हणाला होता. तिनं मान वर करून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. हुक लावला होताच, पण पिंजऱ्याच्या कडीत नाही, छताच्या तुळईला. तिनं अजून हातभर खाली घेतलं असतं, तर पिंजरा एकटाच उतरला असता.

"अरे शहाण्या, पट्टा पिंजऱ्याला बांधायचा असतो! तिथं कुठं बांधून घेतलंस?"

"छत उठून निघून जात नाही, म्हणून."

अकरा वर्षांपूर्वी ती दोन बॅगा घेऊन निघून गेली होती. एवढी वर्षं एकाच गोदामात काम करूनही त्यानं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. काढला तो आज, लटकायच्या बेतात असताना.

"आधी खाली ये, मग भांड," ती म्हणाली.

तिनं दांडा नखभर ओढला. पिंजरा नखभर वर गेला. मग अजून नखभर. पट्टा सैल पडला, डेल्मरच्या टाचा टेकल्या.

"आता तो हुक काढ आणि कडीत लाव."

तो हलेना. तुळईपर्यंत हात न्यायला कठड्याबाहेर झुकावं लागणार होतं. आणि हुक काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत तो कशालाच बांधलेला नसणार होता.

"मार्ली, तू हलणार नाहीस ना?"

"नाही."

तिनं ब्रेक आणखी घट्ट दाबला. डाव्या हातानं गुडघाही दाबून धरला.

तो झुकला. पोटापर्यंत बाहेर. हुक निघाला. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातातला हुक नुसताच हवेत. पिंजरा किंचित डुलला. मार्लिसनं श्वाससुद्धा घेतला नाही, न जाणो गाडी हलायची.

खट्.

"लागला," तो म्हणाला. या वेळी तिनं डोळ्यांनी पाहिलं, मगच दांडा पुढे केला.

पिंजरा फरशीवर टेकला. तिनं इंजिन बंद केलं. उतरून ती पिंजऱ्यापाशी आली.

"काढ आता तो हुक. पोचलास जमिनीवर."

डेल्मर पिंजऱ्यातच कठड्याला टेकून खाली बसला होता.

"राहू दे थोडा वेळ," तो म्हणाला, "तुझ्याच गाडीला."