दशांची भिंत

सुट्टीमुळे भवानी पेठेतले यंत्रमाग गप्प होते. बिभीषणनं कारखान्याच्या फरशीवर चादर अंथरली आणि लेक तिच्यावर पालथी झोपली. तिला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून पोहण्याच्या शर्यतीत तलावाची भिंत जवळ आली की काठावरून चेंडू बांधलेली काठी तिच्या डोक्याला टेकवायची, हे बापाचं काम. गेल्या वेळी ती आपटेल या धास्तीनं त्यानं काठी लवकर टेकवली, तिचा वेग मोडला आणि शर्यत गेली. उद्या पुन्हा उतरायचं होतं. "आप्पा, चादर म्हंजी तलाव. कडंच्या दशा म्हंजी भिंत," असं सांगून ती हात मारत सरकू लागली. काठी टेकली. "लवकर झालं की! लई भिताय तुमी. डोळं मिटा." त्यानं मिटले. लेकीचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला. हळूहळू फरशी गार झाली, चादरीचे पट्टे लाटांसारखे हलू लागले आणि पोहता न येणारा बिभीषण तिच्या शेजारून पोहत निघाला. बोटांना दशा लागणार, असं वाटताच त्यानं काठी टेकवली. "आता बरोबर," लेक म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती खऱ्या पाण्यातून त्याच्याकडे येत होती. समोर सिमेंटची भिंत पाहून त्याचा हात पुढं झाला, थबकला. मग पाण्यावर रंगीत पट्टे उमटले, भिंतीला मऊ दशा फुटल्या, आणि तेव्हाच त्यानं काठी टेकवली. लेकीनं पूर्ण वेगात भिंतीला हात लावला, काठाकडे कान दिला आणि हसली. "आप्पा, दम मला लागायचा, तुमाला का लागलाय?"