मर्यादा कुणाची?

थायरॉइडच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ वाचून सुनेचा जीव भांड्यात पडला. आधीचं बाळ तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं होतं. आता पुन्हा तिसरा लागला होता. सासूबाईंनी मात्र चष्मा लावून एकेका ओळीवरून बोट फिरवलं. “टीएसएच साडेचार, मर्यादा पाचपर्यंत. पण ही मर्यादा पोटुशी बाईची की सगळ्यांची?” सासूबाई सुनेला घेऊन थेट दवाखान्यात गेल्या. डॉक्टरबाईंनाही त्यांनी तेच विचारलं. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट नीट पाहिला. “बरं झालं आलात. लॅबने सरसकट मर्यादा छापलीय. गरोदरपणात ती कमी धरतात. आजपासून गोळी सुरू करू, महिन्याने पुन्हा तपासू.” सुनेने सासूबाईंचा हात धरला. डॉक्टरबाईंनी कौतुकाने विचारलं, “तुम्ही नर्स होतात का?” “छे, मी कपडे शिवते,” सासूबाई म्हणाल्या. “पोटुशीला नेहमीचं माप लावलं, तर कपडा दुसऱ्या दिवशीच परत येतो.”