दबलेला कोपरा

"कॅमेरा जवळ आण. अजून जवळ," गिरिधरराव म्हणाले. "हा बघ. दबला आहे."

कंपनीला पाठवायचा व्हिडिओ काढत भैरवीनं मोबाईल खोक्याजवळ नेला. जेवणाच्या टेबलावर धुतलेला पंचा अंथरला होता आणि त्यावर तो संच बसला होता, दाखवायला आणलेल्या मुलीसारखा. एका जुन्या दिग्दर्शकाच्या सगळ्या सिनेमांच्या डिस्क, काळं खोकं, सोनेरी अक्षरं, आत रेशमी फीत. फक्त एक कोपरा नखभर आत गेलेला.

"एवढंसं तर आहे, बाबा."

"एवढंसं? उद्या म्हणशील, पिक्चर दिसतो ना, मग झालं! पिक्चर तर फोनवरही दिसतो. कलेक्टर्स एडिशन म्हणजे खोकंच, भैरवी."

सासरे शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. वाकडी रेघ त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. त्यांनी खोकं उलटं धरलं. आतली पेटी आपल्याच वजनानं सावकाश खाली सरकली.

"सरकते छान. छपाई फर्स्ट क्लास. डिंकाचा डाग नाही. पण कोपरा गेला तो गेला. परत पाठव."

असा हा तिसरा संच परत चालला.

रात्रीच्या पोळ्या लाटताना रायपूरहून नणंदेचा, सरिताचा फोन आला. भैरवीनं तो खांद्यानं कानाशी दाबून धरला.

"वहिनी, खरं सांग. बाबा मुद्दाम करून राहिले ना हे?"

"मुद्दाम कसे करतील, ताई? कोपरा खरंच दबला होता. व्हिडिओ पाठवला ना मी."

"मग दरवेळी काहून दबते तो? मी इथे खोली रंगवून बसली आहे. संच आला की दुसऱ्या दिवशी गाडीत बसतो म्हणाले होते. त्यांना यायचंच नाही, म्हणून खोट काढून राहिले. आणि तू तरी किती दिवस त्यांचं करशील? दादा गेला. तुला आता कसलं बंधन आहे? दमली असशील वं तू."

"येईल हो पुढचा नीट," भैरवी म्हणाली आणि तव्यावरची पोळी उलटली.

हा संच भैरवीच्या नवऱ्यानं, गौरांगनं, वडिलांसाठी नोंदवला होता, गेल्याच्या आदल्या दिवाळीत. संच बाजारात यायला वर्ष उलटलं आणि तोवर गौरांगच राहिला नाही. नागपूरच्या त्या घरात सासरा आणि सून तेवढे उरले. दोघांचं चहातल्या साखरेवरूनसुद्धा पटत नसे. ते टीव्ही मोठ्यानं लावत, ती रिमोट लपवी. मुलीनं फारच लावून धरलं तेव्हा गिरिधररावांनी येतो म्हणून सांगून टाकलं. फक्त गौरांगनं मागवलेला संच हातात पडू दे, एवढीच अट घातली. दिलेला शब्द फिरवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. नातेवाईक म्हणत, चला, भैरवी सुटेल एकदाची.

भैरवी दमली होती, यात खोटं काही नव्हतं. कॉलेजच्या ऑफिसातून येऊन तीन मजले चढायचे, मग कुकर लावायचा, मग त्यांच्या गोळ्या. जिन्यातच टीव्हीचा आवाज कानावर पडे आणि तिचं डोकं उठे. एके दिवशी तो ऐकू आला नाही, तेव्हा वरच्या पायऱ्या तिनं धावत चढल्या होत्या. आत म्हातारा खुर्चीत घोरत होता. त्या दिवशी ती त्यांच्यावर उगीचच खेकसली.

रविवारी चौथा संच आला. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि गिरिधररावांचे गुडघे गेलेले, त्यामुळे पार्सल घ्यायला भैरवीच खाली जाई. फाटकाशी विक्की उभा होता. दरवेळी तोच यायचा.

"पाहून घ्या मॅडम," तो म्हणाला. "वाडीच्या गोदामातून पोटाशी धरून आणलं गाडीवर. कंपनीनंही डबल पुठ्ठा लावला. एक खरोच नाही. फुकटचं माह्यावर नाव येऊन राहिलं. बाबाजीले सांगा, आता तरी पास करा म्हणा."

"तुमच्यावर नाव नाही येऊ देणार, भाऊ," भैरवी म्हणाली. तिनं त्याला पाणी विचारलं. तो नको म्हणाला आणि गेला.

खोकं छातीशी धरून ती जिना चढली. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबली आणि मग वर आली. चेहरा लाल झाला होता.

गिरिधररावांनी हात धुतले, कोरडे केले, पंचा अंथरला. भैरवीनं व्हिडिओ सुरू केला. चिकटपट्टी कापली, एक पुठ्ठा निघाला, दुसरा निघाला. कोपऱ्याचं थर्माकोल मोडलं होतं. गिरिधररावांनी ते तुकडे बाजूला काढून ठेवले आणि संच हळूहळू फिरवला. एक कोपरा, दुसरा, तिसरा. चौथ्यावर त्यांचा अंगठा थांबला.

"दबला," ते म्हणाले.

भैरवीनं मोबाईल बंद केला. ती खुर्चीवर बसली.

सरिताला त्यांनी स्वतःच फोन लावला. "नाही गं, हाही तसाच. अगं, तुझ्या भावानं मागवलेली वस्तू आहे, खोटीसकट कशी ठेवून घेऊ? शब्द म्हणजे शब्द. चांगला आला की दुसऱ्या दिवशी निघतो." पलीकडे सरिता बराच वेळ बोलत होती. ते हूं हूं करत राहिले आणि शेवटी त्यांनी फोन ठेवला.

भैरवीनं उठून चहा केला. त्यांनी एक घोट घेतला, साखर कमी म्हणून नाक मुरडलं आणि उरलेला चहा बशीत ओतला.

"भैरवी," बशीवर फुंकर घालत ते म्हणाले, "पुढच्या वेळी जिन्यात खोकं आपटताना जरा हळू हं. आज आवाज पार वरपर्यंत आला."