आत विचारून येतो

"कोन पाहिजे?"

दुधाची पिशवी घेऊन साक्षी पायरीवरच थांबली. दहा मिनिटांपूर्वी ती ह्याच दारातून गेली होती. आणि दार अडवून उभे होते तिचे वडील, आधारआबा.

"आबा, मी साक्षी."

"मी नही ओयखत तुम्हाले."

तुम्हाले. पोटच्या पोरीला अहोजाहो. तिचे डोळे भरून आले. आबा तिच्याकडे बघत राहिले, मग पाठ फिरवून आत गेले. वरणगावच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं गेट सांभाळलेला माणूस, हजारो चेहरे तोंडपाठ. आता घरचाच एक सापडेना. आई, लिलाबाई, लगबगीनं बाहेर आली तेव्हा कुठे साक्षी घरात शिरली.

"उद्या पुण्याला परत जाते," ती आईला म्हणाली. "ओळखतच नाहीत, तर राहू कुणासाठी?"

बॅग भरली आणि लॅपटॉप उघडला. दुःख असलं तरी ऑफिस थोडंच थांबतं. कंपनीच्या खासगी पॅकेज रजिस्ट्रीला, म्हणजे तयार कोडच्या कोठाराला, तिनं लॉगिनचे दोन प्लगइन लावले होते. प्लगइन कसले, दारावरचे रखवालदारच. पहिल्याकडे जुन्या लोकांची यादी, दुसऱ्याकडे नव्यांची. आणि नवं माणूस एकही आत येईना.

पुण्याहून ऑफिसातल्या प्रशीलनं तिचा कोड पाहिला, फोन केला. "तुझा पहिला प्लगइन नाव सापडलं नाही की थेट नकार देतोय. मग दुसऱ्याला विचारणार कोण? अगं, 'माहीत नाही' म्हणजे 'येऊ नको' नव्हे."

साक्षीनं एक ओळ बदलली. नवी माणसं भराभर आत आली. ती मात्र स्क्रीनकडे बघतच बसली.

मग उठून ओट्यावर आबांशेजारी जाऊन बसली.

"आबा, गेटवर अनोळखी माणूस आला, की परत पाठवायचात?"

"परत धाडनारा मी कोन?" आबा म्हणाले. "मी नही ओयखत, तर आत विचारून येवो. आत कोन्ही ओयखत असीन." मग ते हळूच म्हणाले, "सकायी एक पोरगी आलती दारात. मले काही ओयखू आली नही. पन डोये भरेल होते तिचे. मंग मी पयतच आत गेलो. लिलाले म्हनलं, लवकर जाय बाहेर, आपलंच कोन्ही आलं."