काल्युचे दात

काल्यु आमच्या छावणीतला सगळ्यात मुरलेला भूशास्त्रज्ञ. शेलचा, म्हणजे तेल मिळू शकणाऱ्या थरथरांच्या खडकाचा तुकडा हातात आला, की तो आधी दाताखाली धरून बघतो. कचकच लागली तर वाळू, लोण्यासारखा लागला तर कामाचा! त्या दुपारीही एका हातात अर्धा खाल्लेला पाव आणि दुसऱ्या हातात तेलासाठी खोदलेल्या विहिरीतून नुकताच वर आलेला दगड घेऊन तो आला, कडकन चावला, "लोणी आहे लोणी!" म्हणाला आणि तोच तुकडा त्यानं तपासणीला दिला. यातही तेल निघालं नाही, तर उद्या गाशा गुंडाळून टालिन शहरात परत जायचं होतं.

आम्ही दगडाची पूड करून भट्टीत ठेवली. तापल्यावर त्यातून निघणारी तेलाची वाफ यंत्र मोजतं आणि पडद्यावर रेघ काढतं. आजवर त्या रेघेनं कधी मान वर केली नव्हती. आज मात्र ती अशी उसळली, की आमच्या प्रमुख उर्वेबाई चक्क खुर्चीवर चढून नाचायला लागल्या.

"काल्यु, लेका, तुझे दात सोन्यानं मढवते बघ!"

"मढवा बाई, पण आधी त्यांचा विमा काढा!" काल्यु मला उचलून गरागरा फिरवत ओरडला. "तुमच्या यंत्राच्या आधी मी सांगितलं होतं की नाही?"

हसत, धापा टाकत आम्ही भट्टी उघडली.

आतून आलेल्या वासावर सगळ्यात आधी धावत आली ती छावणीतली मांजर, आणि काल्युनं तेलानं निथळणारी मासळी भरलेला आपला उरलेला पाव हळूच पाठीमागे लपवला.