ओव्हनचा आळ

घराला कुलूप घालून सूनबाईने किल्ली पर्समध्ये टाकली आणि सासूबाईंना हाताला धरून नियंत्रण कक्षात आणून बसवलं.

"अटक का गं मला?"

"तसंच समजा, आई. संध्याकाळपर्यंत त्या ओव्हनपासून लांब राहा. आज शेवटचा दिवस आहे."

खिडकीबाहेर रेडिओ दुर्बिणीची अवाढव्य तबकडी आभाळाकडे कान लावून होती. तिच्या समोरचा तारा कोवळा, ताऱ्यांच्या हिशेबात अजून रांगणारा, आणि उजेडाला अगदी मिणमिणता. तरीही तो रेडिओ लहरी सोडतो, असं सूनबाईचं म्हणणं. वेधशाळेचे प्रमुख हसले होते, "एवढंसं पोर ते, त्याचा आवाज तो किती!" आज काही मिळालं नाही तर उद्या दुर्बीण दुसऱ्याच्या हाती जाणार होती.

तशी पडद्यावरच्या लहरींच्या रेघेत अधूनमधून उसळी यायची. पण घर दुर्बिणीच्या आवारातच, घरात दोघीच, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनच्या लहरी दुर्बिणीत शिरतात हे तिथे प्रत्येकाला पाठ. उसळी दिसली की सूनबाई कपाळाला हात लावायची. "आईंनी दूध गरम केलं," म्हणत तेवढा भाग कापून टाकायची. घरी गेल्यावर बोलणी बसायची. सासूबाई गुपचूप ऐकून घ्यायच्या.

दुपार कलली. सासूबाई खुर्चीत पेंगत होत्या. पडद्यावरची रेघ सपाट. सूनबाई उठून पाणी प्यायली, वळली, आणि उसळी आली.

तिने सासूबाईंकडे पाहिलं. पर्समधली किल्ली चाचपली. मग तबकडी ताऱ्यावरून जराशी बाजूला वळवली. उसळी गेली. परत ताऱ्यावर आणली. उसळी हजर.

"आई, उठा. हा ताराच आहे." तिला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. "इतके दिवस मी त्यालाच कापत होते. म्हणजे तुम्ही ओव्हन कधी..."

"तू पहिल्यांदा सांगितलंस, तेव्हापासून हात नाही लावला. गॅसवर तापवायचे."

"मग तसं सांगायचं नाही का?"

"तरी तू ओरडायचीसच. मला वाटलं, एवढी मोठी दुर्बीण, तिला गॅससुद्धा ऐकू जात असेल. म्हणून मग गारच पीत होते." सासूबाईंनी हात पुढे केला. "आता बोललं ना तुझं पोर? मग दे ती किल्ली. घोटभर गरम दूध पिऊ दे मला."